निळं कपाट

"पण मारायचं कुणाला?" सकाळी आलेल्या पहिल्या पोराने विचारलं. उत्तर मिळेना तेव्हा तो पडद्यावरच्या समुद्राच्या कोरड्या तळावर नुसत्या उड्या मारत बसला. दुसरी मुलगी घराएवढ्या किटलीभोवती फेरी मारून "छान आहे हं" म्हणाली, पण ते 'छान' आपण नको असलेलं कापड दुकानदाराला परत करताना म्हणतो तसलं होतं. तिसऱ्याने खेळता खेळता मोबाईल काढला. चौथा आलाच नाही.

गेमवाल्याने हे सगळं मागच्या खुर्चीत बसून पाहिलं. गल्लीत त्याला हेच नाव पडलं होतं. आज त्याने बनवलेल्या खेळाची चाचणी होती, आणि चाचणीचा नियम असा, की खेळणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलायचं आणि खेळ बनवणाऱ्याने चकार शब्द काढायचा नाही. तो बोलला की चाचणी पाण्यात. त्याला हे जड जायचं नाही. तसाही तो बोलण्यात कच्चाच.

चौथ्याच्या रिकाम्या खुर्चीत बायको येऊन बसली. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दुपारच्या सुट्टीत त्याचा डबा घेऊन आली होती, नखांत पांढरं प्लास्टर तसंच.

"मीच खेळते," ती म्हणाली. "इतकी वर्षं नुसतं ऐकतेय. बघू तरी काय आहे."

तिने आपणहून खेळायला बसावं, याची तो कधीपासून वाट बघत होता. त्या कोरड्या समुद्राच्या टोकाला त्याने एक निळं कपाट ठेवलं होतं. ते उघडलं की आत त्यांची लग्नानंतरची पहिली खोली होती, जशीच्या तशी. तीच खिडकी, दोरीवरचे तेच ओले कपडे, आणि भांडी घासताना गुणगुणणारा तिचा आवाज, त्याने तेव्हा चोरून टिपून ठेवलेला. तिच्यावाचून आपलं काही खरं नाही, हे तोंडाने सांगणं त्याला कधी जमलं नव्हतं. म्हणून तर कपाट बनवलं.

तिने हेडफोन चढवले. "आता सगळं बोलायचं ना? बरं. चालतेय मी. वाळू आहे. दिव्याचे खांब आहेत. अगं बाई, जवळ गेलं की मान खाली घालतात! हे आवडलं मला." थोडं चालून ती थांबली. "पुढे काय करायचं असतं?"

त्याने वहीत तिचा प्रश्न उतरवून घेतला.

"आमच्याकडे बरं असतं बाबा. कवळी बसली तर बसली, नाहीतर माणूस तिथल्या तिथे तोंड वाकडं करतो."

मग ती पुढे चालत राहिली. पडद्यावर वाळूच वाळू होती.

"मनात येईल ते बोलायचं ना? मग ऐक," ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "लॅबची ती दुसऱ्या गावातली शाखा. तिथे जायचं की नाही, मॅडमना आज उत्तर द्यायचंय. मी तुला विचारलं, तर तू म्हणालास, तुझं तू ठरव. परत विचारलं, परत तेच. अरे, 'जाऊ नकोस' म्हणाला असतास तर नसते गेले मी. 'मीही येतो' म्हणाला असतास तर नाचत गेले असते. आत्ता म्हणालास तरी चालेल."

तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला. तिची बोटं बटणांवर थांबली होती.

त्याने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आला. तेवढ्यात त्याला पडद्याच्या कडेला निळा रंग दिसला. कुणी न सांगता ती नेमकी तिथे जाऊन पोचली होती. सकाळपासून एकही जण इथवर आला नव्हता. आता चार पावलं टाकायची, दार ओढायचं, की तिला सगळं कळणार. आपण बोलायला जाऊ आणि काहीतरी भलतंच बोलून बसू. कपाटच नीट सांगेल. त्याने तोंड मिटून घेतलं.

तिने हेडफोन परत कानावर ओढला. मग बटणं पुन्हा हलली.

"कपाट आहे," ती म्हणाली. आवाज पार उतरला होता. "निळं. बंद दिसतंय." कपाटासमोर ती क्षणभर घुटमळली. "जाऊ दे. दुसऱ्याच्या कपाटात कशाला हात घालायचा."

आणि ती वळली. पुढे बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ती थोडी चालली आणि मग तिने हेडफोन काढून ठेवले.

"उघडलं का नाहीस?" तो जवळजवळ ओरडलाच.

तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "काय होतं त्यात?"

ती खरंच विचारत होती. अजूनही सांगता आलं असतं, हे त्यालाही कळत होतं. पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच.

"ते सांगायचं नसतं गं. आपलं आपल्याला सापडावं लागतं."

"सापडलंय कुणाला आजवर?"

"नाही."

ती चिडली नाही. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने डबा त्याच्यापुढे सरकवला, "गार होईल, जेवून घे," म्हणाली आणि फोन घेऊन खिडकीशी गेली.

"मॅडम, मी बोलतेय. हो, जाते मी तिकडे. एक तारखेपासून." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "घरी? हो हो, घरी विचारलं ना. नाही, त्यांचं काही म्हणणं नाही."