मधली जाळी

धाकटा तुरुंगात गेला, तशी ताईने कंबर कसली. दिवसभर शिलाई मशीन चालवून ती कैद्यांच्या पुनर्वसनाचा कोर्स करू लागली. दर रविवारी भेटीच्या जाळीपलीकडून धाकटाच तिची उजळणी घ्यायचा.

ताई पास झाली, आणि देवाने ऐकलं म्हणायचं, त्याच तुरुंगात नोकरीला लागली. पहिल्याच दिवशी साहेबांनी विचारलं, "इथे नात्यातलं कुणी आहे?" तिने खरं ते सांगून टाकलं.

"मग त्याला उद्याच लांबच्या तुरुंगात हलवावं लागेल. आणि नोकरीत आहात तोवर त्याची भेटही बंद. नियमच आहे, बाई. तुम्हीच समजवा त्याला, तेच तर शिकलात."


मध्ये जाळी नाही हे बघून धाकटा हरखला. "ताई, आता रोज भेटशील ना गं?"