शंभर फुटांवर

दहा वाजता कचेरीचं दार उघडलं. मार्वा ट्रेगरनं पहिलं मत टाकलं आणि मतदान घेणाऱ्या कारकून जॉयलिननं तिला लगेच बाहेर काढलं. उमेदवारानं मतपेटीपासून शंभर फूट लांब राहायचं, असा नियम. जॉयलिननं काल टेप लावून मोजलं होतं. शंभर फूट रस्त्यापलीकडे, पशुखाद्याच्या दुकानासमोर भरत होते. मार्वा तिथं आपल्या पिकअपमध्ये जाऊन बसली. फेब्रुवारीचा शेवटचा मंगळवार. बर्फाचा चिखल झाला होता.

जिल्ह्याच्या मृदसंधारण मंडळात पाच जागा. नाल्याच्या काठानं लावलेला झाडांचा पट्टा ठेवावा, असं दोघांचं म्हणणं. तो नांगरून गहू पेरू द्यावा, असं दोघांचं. पाचव्या जागेसाठी आज मार्वा उभी होती, आणि समोर नांगरणाऱ्यांच्या बाजूचा डेल ऑस्टविक. पट्टा लावण्याआधी दर वसंतात वरच्या शेतांची माती मार्वाच्या विहिरीत उतरायची. एका वर्षी तिनं आणि शेजारच्या रूबेननं मिळून तीन दिवस गाळ काढला होता. पट्टा गेला तर विहीर जाणार होती. दुसरी खणायची तिची ऐपत नव्हती. गुरुवारी मंडळाच्या बैठकीत पट्ट्याचा निकाल लागणार होता.

वॉशिंग्टन राज्यात आता सगळं मतदान टपालानं होतं. मतपत्रिकेचं पाकीट घरी येतं, माणसं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून खूण करतात आणि परत पाठवतात. फक्त या एका निवडणुकीचं पाकीट आपोआप येत नाही. ते अर्ज करून मागवावं लागतं, नाहीतर दहा ते दोनच्या वेळात कचेरीत यावं लागतं. तशी सूचना साप्ताहिकात एकदाच छापून आली, गुरांच्या लिलावाच्या जाहिरातीखाली. मार्वाच्या ती नजरेस पडली तेव्हा अर्जाची मुदत संपून एक दिवस झाला होता. तोवर ती एक्केचाळीस घरं फिरली होती, आणि प्रत्येक घरी तिनं सांगितलं होतं, पाकीट आलं की माझं नाव बघा.

मग तिनं एक्केचाळीस फोन केले. कचेरीत या, म्हणाली. सगळ्यांनी हो म्हटलं. रूबेन धरून दोघातिघांनी तिचीच समजूत घातली, की कचेरीत जाऊन मत द्यायचे दिवस गेले, आता घरीच येतं सगळं.

साडेअकराला डेलची व्हॅन आली. त्यातून त्याची बायको, दोन भाऊ आणि भावजया उतरल्या. बाराला व्हॅन परत आली. या खेपेला गडी होता, आणि डेलची नव्वदीची सासू. डेल आपलं मत टाकायला तेव्हाच आत गेला, तिला दंडाला धरून एकेक पायरी चढवत. मार्वाचा नवरा एकटा आला, मत टाकून गाभण गाईकडे परत गेला. आणखी तिघं आली. मार्वानं प्रत्येकाला काचेतून हात केला. दीडनंतर कोणीच आलं नाही.

दोनला मोजणी झाली. ती बघायला आत जायची मुभा होती. मोजायला चार मिनिटंही लागली नाहीत. डेल आठ, मार्वा पाच.

यादीत एकवीसशे मतदार होते. जॉयलिननं आकडा कागदावर उतरवला आणि तिचा चेहरा खुलला. मागच्या खेपेला सहाच मतं पडली होती, ती म्हणाली. मतदान दुपटीनं वाढलं, हे अहवालात घालायला हवं. तिनं मार्वापुढे सहीसाठी कागद सरकवला. मार्वानं सही केली.

डेल दाराशी थांबला होता. माणूस वाईट नव्हता. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यानंच तिचा रस्ता साफ करून दिला होता.

"किती घरं केलीस, मार्वा?"

"एक्केचाळीस."

"बाप रे. मी चार." त्यानं टोपी घातली. "पण गाडीत बसवून आणली."

मार्वा रस्ता ओलांडून पिकअपकडे आली. खाद्याच्या दुकानातून रूबेन बाहेर पडत होता, खांद्यावर पोतं. पोतं त्यानं आपल्या गाडीत टाकलं, हात झटकले आणि तिला बघून हसत हसत तिच्या खिडकीशी आला. दुकानात अकरापासून बसलोय, म्हणाला. आत शेगडी पेटलेली, कॉफी फुकट, गप्पांत वेळ कसा गेला कळलं नाही. तू इथं काय करतेस?

"काम होतं," मार्वा म्हणाली.

"पोरी, तुझं ते पाकीट अजून आलं नाही बघ. रोज टपालाची पेटी उघडून बघतो. आमच्या हिनं तर पेन काढून ठेवलंय." तो खिडकीवर वाकला. "तुझं नाव वर आहे की खाली? आधीच सांगून ठेव. हात कापतो माझा, भलत्याच माणसापुढे खूण व्हायची."

मार्वानं त्याच्याकडे बघितलं. रस्त्यापलीकडे जॉयलिन दाराला कुलूप लावत होती.

"खाली," ती म्हणाली. "डेलच्या खाली."