हरलेल्यांची मिरवणूक

“हरलास तरी पुढच्या दारानं बाहेर पड,” तालमीतले वस्ताद सुबराव सरांना लहानपणी म्हणायचे. पण कॉलेजची फुटबॉल टीम फायनलला एका पेनल्टीनं हरली आणि तिचे प्रशिक्षक असलेले सर गुपचूप मागच्या फाटकाकडं निघाले. मैदानात सगळे गोलकीपर हैबतच्या नावानं खडे फोडत होते. ते ऐकत सर भराभर चालत होते.

फाटकात हलगीवाले उभे होते. जिंकणारच म्हणून सरांनीच सकाळी त्यांना सुपारी दिली होती.

“मामा, हरलोय आम्ही. जावा परत.”

“सुपारी घेऊन न वाजवता गेलो, तर हलगी रुसंल की, सर.”

हलगी कडाडली. रडता रडता पोरांचे पाय नाचायला लागले आणि त्यांनी सरांना खांद्यावर घेतलं. जिंकलेल्यांना जिंकायची आशाच नव्हती, म्हणून त्यांनी हलगी ठरवली नव्हती. तेही कोपऱ्यावरच्या दुकानातून गुलाल आणून मागोमाग नाचत आले.

सगळ्यात मागं हैबत एकटा चालला होता. त्याच्यावर कुणी चिमूटभर गुलालही टाकला नव्हता. सरांनी हात वर केला. हलगी थांबली.

“पेनल्टीला हैबत उजवीकडं झेपावतो म्हणत होता,” सर वरूनच म्हणाले. “डावीकडं जा म्हणून मीच दटावलं. चेंडू उजवीकडून गेला. हरवलं ते मी.”