औक्षण

गंगापूर रोडच्या मळ्यात गोजराबाईंच्या तोंडाला सगळे वचकून असत. फुलं तोडायला उशिरा आलेल्या बाईला त्या बांधावरूनच परत पाठवायच्या. कॉम्प्युटरपुढे मात्र मुकाट बसायच्या. जर्मनीतला धाकटा मयूर त्यात दिसायचा, आणि ते यंत्र दर रविवारी मधेच बंद पडायचं.

आज मयूरचा वाढदिवस. औक्षणाचं ताट मांडून त्या बसल्या. पडद्यावर मयूर आला, हसला.

"आई, पटकन हं. मला निघायचंय."

त्या निरांजन लावत होत्या, तेवढ्यात आवाज गेला. मयूरचा हसरा चेहरा जागच्या जागी अडकून बसला.

"झालं याचं सुरू!" थोरली सून शुभांगी पुढे सरसावली. "थांबा आत्याबाई, बंद करून परत चालू करते."

"हात लावशील तर बघ!"

गोजराबाईंनी काचेवर कुंकू टेकवलं, वर अक्षता टाकल्या. सुपारी आणि अंगठी त्या चेहऱ्याभोवती फिरवली. मग ताट उचलून सावकाश ओवाळू लागल्या.

"चालू असला की नुसतं घड्याळ बघतो गं. आत्ता कुठं माझ्यापुढं निवांत बसलाय."