भीती उतरवण्याचे पाणी

इन्साफने पितळी वाडगा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. पुरावा सादर करावा तसा. त्याच्या आतबाहेर कुराणातल्या आयती कोरलेल्या होत्या.

"ह्यात पाणी आणि खजूर घालून गच्चीवर दवात ठेवायचं. सकाळी बाळंतिणीला पाजायचं. भीती उतरते."

"उतरली?" डॉक्टर नेव्हीन यांनी विचारले.

"अजून नाही. आमची सूनबाई घोट घोट पिते ना! एका दमात प्यायला हवं."

सूनबाई, रदवा, शेजारीच बसली होती. तान्ही मुलगी मांडीवर होती, नजर भिंतीवर. वाडगा कोणत्या भीतीवर चालतो, हे तांता शहरात कोणी तपासलेले नव्हते. गुण मात्र घरोघरी ठाऊक होता.

"रदवा, कसली भीती वाटते तुला?"

"भीती नाही वाटत." रदवा सावकाश म्हणाली. "हिला न्हाऊ घालताना वाटतं, हात सोडून द्यावा. आणि आपणही जावं कुठंतरी. मग कोणालाच त्रास नको."

डॉक्टरांनी झोपेचे विचारले, भुकेचे विचारले आणि गोळी लिहिली. "हा आजार आहे, रदवा. बरा होतो. मावशी, बाळाला आंघोळ तुम्ही घाला. आणि हिला एकटं सोडू नका."

"गोळी? दुधात उतरेल की!"

"अगदी थोडी. न देण्यात धोका जास्त आहे."

"हिचा नवरा हिशाम झाला तेव्हा मीही अशीच होते, सारखी रडायचे. कुठं होती गोळीबिळी?" इन्साफचा आवाज मऊ झाला. "आई पहाटे गच्चीवरून वाडगा घेऊन यायची. शेजारची कबुतरं उडायची. खाली उसळवाल्याची हाक. आई आधी माझी वेणी घालायची, मगच पाणी पाजायची. तसं गार पाणी पुन्हा प्यायले नाही मी."

"आणि रडू कधी थांबलं?" डॉक्टरांनी त्याच सुरात विचारले.

"आई रोज विचारायची, 'उतरली का गं?' मी म्हणायचे, 'उतरली.' काय खुलायची हो ती!"

"मावशी, मी रडण्याचं विचारलं."

इन्साफने रदवाच्या मांडीवरची मुलगी उचलून स्वतःच्या खांद्याशी धरली, तिचे टोपडे कानांवर ओढले.

"ही गोळी," ती म्हणाली, "जेवणाआधी द्यायची की नंतर?"