गुंतलेली रीळ

मोबाइल आल्यापासून संगीत अमर झालं. आता गाणं झिजत नाही, तुटत नाही, गुंतत नाही. त्यामुळे परतूरच्या गयासोद्दीनच्या कॅसेटच्या दुकानात गिऱ्हाईक येत नाही, एवढीच काय ती किरकोळ अडचण.

राधेश्यामसेठ तेवढे दर बाजाराच्या दिवशी येत. कॅसेट नेहमीची, भजनांची. रीळ बाहेर लोंबत असलेली.

"गयासभाई, पुन्हा गुंतली बघा."

गयासोद्दीन स्क्रू काढायचा, सावकाश रीळ सोडवायचा. तोवर दोन चहा होत आणि सेठ बोलत राहत. घरी त्यांना बोलायला कोणी सापडत नसे. जो तो कानात आपापलं गाणं खुपसून बसलेला.

एका बाजारी गयासोद्दीनला राहवलं नाही. "सेठ, ह्यात कॅसेटचा कसूर न्हाई. तुमचा टेपरेकॉर्डरच खाऊन राह्यला तिला. पुढच्या टायमाला तोच घेऊन या, बिलकुल ठीक करून देतो."

"टेपरेकॉर्डर?" सेठ चहा फुंकत म्हणाले, "तो तर सूनबाईनं मागल्या दिवाळीतच भंगारात घातला."

बोलून गेले, आणि मग घाईघाईनं उरलेला चहा संपवू लागले.

गयासोद्दीननं रीळ सोडवली, झाकण बसवलं, स्क्रू आवळले आणि कॅसेट त्यांच्या हातात ठेवली.

"सेठ, बोटानं ओढताना जरा हळू ओढत जा. जुनी रीळ हाय, तुटंल."