खास विषय

फ्लेक्सवरच्या खेकड्याला नांग्या धरून आठच पाय होते. असायला हवेत दहा. लालबागच्या चाळीबाहेर वृषालीच्या कौतुकाचा फ्लेक्स बांधणाऱ्या मयूरला हे सांगावं, तर तिला त्याच्याकडे बघवेना. बारा वर्षं खेकड्यांवर संशोधन करून तिनं टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेसाठी खास विषय म्हणून निवडली होती तेरा भागांची एक विनोदी मालिका. त्या तेरा भागांत चुकण्याची भीती नव्हती. खेकड्यांवर चुकलं असतं, तर विद्यार्थ्यांसमोर शोभा झाली असती. हे तिनं चाळीत कुणालाच सांगितलं नव्हतं. “कुर्ल्यांत तुका कोण हरवतलो गो!” शेवंतीकाकू फ्लेक्सवरच्या खेकड्याकडे बोट दाखवत गॅलरीतून ओरडल्या. “ताई, गाजवून ये,” मयूर म्हणाला. आठवडाभर टाळलेला वाहिनीचा फोन पुन्हा वाजला. या वेळी तिनं उचलला. “मॅम, मालिकाच फायनल करू ना?” शरमेनं तिचे कान तापले. मयूरसमोरच ती म्हणाली, “मालिका खोडा. माझ्या संशोधनावरच प्रश्न विचारा. हरले तर सगळ्यांसमोर हरेन.”